‘हवाबंद’ म्हणून विकलेली पत्र्याची कोठी

मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावात ज्वारी पूर्वी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवत असत. आमच्या वाड्यातले पेव बुजवल्यानंतर ती पोत्यांत राहू लागली आणि दर पावसाळ्यात सोंडकिडे लागू लागले. त्यामुळे गेल्या वर्षी मार्चमध्ये मळणी उरकत आली असताना एक विक्रेता टेम्पोत पत्र्याच्या कोठ्या घेऊन पारापाशी आला, तेव्हा आम्ही नऊ जणांनी त्याचे म्हणणे मन लावून ऐकले. झाकण आणि तोटी घट्ट बंद केली की आतला प्राणवायू संपत जातो आणि किडे गुदमरून मरतात, असे त्याने सांगितले. होंडुरास, ग्वाटेमाला या देशांतले लहान शेतकरी अशाच कोठ्यांत मका ठेवतात, हेही तो म्हणाला. हे दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच मी फसलो.

१० क्विंटलची, २४ गेज जाडीच्या जस्ती पत्र्याची कोठी ९,५०० रुपयांना असून त्यातले निम्मे पैसे अनुदान म्हणून खात्यात जमा होतील, असे सांगून त्याने आमच्याकडून सातबारा, आधार आणि पासबुकाच्या प्रती घेतल्या, पूर्ण रक्कम रोख घेतली आणि साध्या कागदावर पावती दिली, जिच्यावर ना गेज होते, ना क्षमता, ना जीएसटी क्रमांक. कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकऱ्याला महाडीबीटी पोर्टलवर स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो, हे मला माहीत होते. तरीही मी विचारले नाही, याची खंत वाटते.

ज्वारी आम्ही कडक उन्हात वाळवली होती. दाणा दाताखाली कट्‌कन फुटत होता. कोठीत मात्र सात-साडेसात क्विंटलच मावली. नंतर टेपने मोजले, तर व्यास ३ फूट आणि उंची ५ फूट भरली, म्हणजे सुमारे ३५ घनफूट. एका घनफुटात साधारण २१ किलो ज्वारी बसते.

विक्रेत्याने धुरीच्या गोळ्याही फुकट दिल्या होत्या आणि कोठी माजघरातच ठेवा, असे सांगितले होते. त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून त्या सर्वसामान्यांना विकण्यास आपल्याकडे बंदी आहे आणि त्यांचा वापर प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करायचा असतो. गोळ्या टाकल्या त्या रात्री आईला लसणासारखा उग्र वास आला, म्हणून आम्ही सगळे अंगणात जाऊन झोपलो. वास घरात येतो, याचाच अर्थ कोठी हवाबंद नाही, हे तेव्हा कळायला हवे होते.

श्रावणात झाकण उघडले तर आतून उबट वाफ आली. तळाशी बुरशीची ढेकळे झाली होती आणि वर सोंडकिडे फिरत होते. कोठी रिकामी करून रात्री आत विजेरी लावली आणि बाहेरून पाहिले, तर उभ्या जोडावर ठिपक्याठिपक्यांनी उजेड दिसत होता. पत्रे केवळ जागोजागी चिकटवलेले होते, सलग डाख (वितळलेल्या धातूचा सांधा) दिलेला नव्हता आणि झाकणाला रबरी पट्टी नव्हती. खिळ्याने ओरखडा काढल्यावर चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली जस्ताचा थर नसलेला काळा पत्रा दिसला. चांगल्या जस्ती पत्र्यावर बहुधा बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षी दिसते, ती इथे कुठेच नव्हती.

पोत्यातल्या धान्याला निदान वारा लागतो. अशा कोठीत वाफ आणि ओल कोंडून राहते आणि फटींतून किडे मात्र सुखाने आत शिरतात. म्हणून कोठी घेताना पैसे देण्याआधी अंधारात विजेरीची ही परीक्षा करावी, स्वतः टेप लावावा आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवून तो आकडा पक्क्या बिलावर लिहून घ्यावा.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. शेजारच्या गावांतही तो टेम्पो फिरला होता. ज्यांच्याकडे अशी पावती असेल, त्यांनी ती आणि कोठी दोन्ही जपून ठेवावीत. भंगारात देऊ नयेत.