मुंबईच्या दमट हवेत वर्षभर वापरलेली दुर्बीण : निकॉन मोनार्क एम५ (८×४२)

दुर्बीण घेताना मुंबईच्या पक्षिनिरीक्षकाने ती किती पट मोठे दाखवते यापेक्षा तिच्यात दमट हवा शिरते का, हे आधी विचारावे, असे माझे मत ही दुर्बीण तिन्ही ऋतूंत वापरल्यावर पक्के झाले आहे. माझी आधीची, दुसऱ्या कंपनीची दुर्बीण दोन पावसाळ्यांतच निकामी झाली होती; भिंगांच्या आतल्या बाजूला कोळिष्टकासारखी बुरशी पसरली आणि दुरुस्ती करणाऱ्यानेही हात टेकले.

मोनार्क नायट्रोजन भरून हवाबंद केलेली असते. पहिल्या पावसानंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकत, पालापाचोळ्यात त्याला शोधत तासभर भिजलो, तरी तिच्या आत वाफ धरली नाही. श्वासाने बाहेरच्या काचेवर येणारी वाफ मात्र पुसावीच लागते. ४२ मिलिमीटर व्यासाच्या, भरपूर प्रकाश घेणाऱ्या भिंगांमुळे ढगाळ दिवशी दाट झाडीतही नवरंगाच्या पोटाखालचा लाल रंग स्पष्ट दिसला, आणि तो आनंद अजून मनात आहे.

हिवाळ्यात शिवडीच्या जेट्टीवर तिची मर्यादा कळते. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, रोहित पक्षी पाण्याच्या कडेने आत सरकतात आणि तुतारी, चिखल्या या छोट्या पाणपक्ष्यांचे थवे आठ पटीत सारखेच करडे दिसतात. तिथे तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने पाहायची, जास्त पटीची दुर्बीण) हवा. भरतीचे पाणी पक्ष्यांना किनाऱ्याकडे आणते तेव्हा मात्र लहान रोहिताची गडद किरमिजी चोच आणि मोठ्या रोहिताची काळ्या टोकाची गुलाबी चोच सहज ओळखता येते, म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे. तरीही दहा पटीची दुर्बीण मी घेणार नाही, कारण तिच्यात हाताचा कंप अधिक जाणवतो.

उन्हाळ्यात समोरच्या वाळक्या फांदीत ढोली कोरणारा तांबट पक्षी गॅलरीतूनच, त्याला न बिचकवता, रोज पाहिला. चष्मा न काढता पूर्ण दृश्य दिसते, ही माझ्यासाठी मोठी सोय आहे. सुमारे ६३० ग्रॅम वजन दोन तासांनी मानेला जाणवते. रुंद पट्टा वेगळा घ्यावा.

पावसातून आल्यावर मी ती लगेच पिशवीत घालत नाही. पंख्याखाली वाळवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.