मोठी चांदीची नाणी, छोटं घर: ४४ मिमीची कॅप्सूल आणि चपटा ट्रे

आधी निकाल सांगते. टांकसाळीची मोठी चांदीची स्मारक नाणी जमवत असाल आणि घर आमच्यासारखं डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं असेल, तर अंगच्या मापाची कडक ॲक्रिलिक कॅप्सूल, म्हणजे एका नाण्याची पारदर्शक डबी, घ्या आणि ती बसेल असा चपटा ट्रे घ्या. अल्बम नको, स्टेपलर मारायचे पुठ्ठ्याचे होल्डरही नकोत. टांकसाळीचे मूळ डबे देखणे असतात, पण एकेक डबा वहीएवढा. कपाटाचा अख्खा कप्पा त्यांतच जातो.

टपाल खात्यात असताना मी तिकिटं जमवायला लागले आणि हळूहळू नाण्यांकडे वळले. तिकिटांना जागा लागत नाही. नाण्यांचं तसं नाही. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं ३४ मिलिमीटरचं, १५ ग्रॅमचं. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं ३९ मिलिमीटर. गेल्या काही दशकांतली बहुतेक, म्हणजे लोकमान्य टिळकांचं १०० रुपयांचं, २०२३ चं संसद भवनाचं ७५ रुपयांचं, ही ४४ मिलिमीटर व्यासाची आणि ३५ ग्रॅम वजनाची. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या कॅप्सूल बहुतेक परदेशी नाण्यांच्या मापाच्या असतात आणि ४०-४१ मिमीला थांबतात. ४४ चं माप मागूनच घ्यावं लागतं. मला ते मुंबईच्या नाणे प्रदर्शनातल्या एका स्टॉलवर मिळालं, ट्रेही तिथलाच.

कॅप्सूल दोन भागांची, गोल, बाहेरून साधारण पाच सेंटिमीटर. नाणं आत नेमकं बसतं, हलवलं तरी वाजत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यू जर्सीचा भाचा दर दिवाळीला एक अमेरिकन ईगल, म्हणजे तिथल्या टांकसाळीचं चांदीचं नाणं, पाठवतो. ते ४०.६ मिमीचं. याच कॅप्सूलमध्ये ठेवून पाहिलं, तर खुळखुळलं. असं सतत हललं की नाण्याचे उंच भाग, म्हणजे चेहऱ्याचा गाल, केस, हेच आधी घासले जातात. मधे फोमची रिंग घालून माप जुळवता येतं, पण चांदीला वर्षानुवर्षं फोम टेकलेला मला पसंत नाही. ईगल मी त्यांच्याच वीस नाण्यांच्या नळीत ठेवते. गुंतवणुकीच्या नाण्यांना एकावर एक रचून ठेवलेलं चालतं, प्रूफ नाण्याला, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेल्या नाण्याला, अजिबात नाही.

कॅप्सूल बंद करताना दोन्ही अंगठ्यांनी कडेवर सारखा दाब द्यायचा, टक असा आवाज आला की बसली. उघडणं मात्र कठीण आहे. नख लावून उघडायला जाऊ नका. खाली मऊ सुती कापडाची जाड घडी ठेवा आणि कॅप्सूल टेबलापासून बोटभर उंचीवरच धरा, म्हणजे सुटून पडली तरी नाण्याला धक्का बसत नाही. नाणं फक्त कडेनं धरायचं. आपली ही ३५ ग्रॅमची नाणी शुद्ध चांदीची नसतात. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. बोटाचा घाम लागला की काही महिन्यांत तपकिरी ठसा उमटतो, तो जात नाही. आणि कृपा करून चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नका. घासलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि किंमत निम्म्यावर आणतो.

अल्बमला इतका विरोध का, तर पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं एक प्लास्टिक. मऊ, चकचकीत, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पानं असली की समजा पीव्हीसी आहे. ते कालांतरानं आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. खात्री करायची असेल तर तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसवर लाल करा, ती प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, ती वस्तू नाण्यांजवळ नको. खिडक्या उघड्या ठेवा, धूर नाकात घेऊ नका. माझ्या कॅप्सूलला आणि ट्रेला हिरवी ज्योत आली नाही.

ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरचे वीस चौकोन आहेत. भरल्यावर नुसत्या नाण्यांचंच वजन ७०० ग्रॅम होतं, म्हणून एकावर एक तीनच ठेवते, तेही कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. पूर्वी जिथे सहा-सात डबे दाटीनं बसायचे, तिथे आता साठ नाणी मावतात. ट्रेचं झाकण मात्र सैल आहे, त्याचे गुण कापते. आमच्याकडे खाडीची, गटारांची हवा. तिच्यातल्या हायड्रोजन सल्फाइडनं चांदी काळी पडते. त्यामुळे तिन्ही ट्रे मी घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या (क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकच्या) डब्यात ठेवते, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदलते. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरीचं कापड त्या डब्याच्या आसपासही नको, तिन्हींतून गंधकाची संयुगं सुटतात.

मौल्यवान काही नाणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. तिथे ट्रे मावत नाही, पण कॅप्सूल अरुंद लांबट डबीत उभ्या रचल्या की छोट्या लॉकरमध्येही बऱ्याच बसतात. लॉकर आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट, त्यापुढे नाही. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. भूकंप-पुराची तर तेवढीही नाही, जोवर बँकेचा हलगर्जीपणा नाही. म्हणून प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो आणि वजनासकट यादी घरी ठेवते, एक प्रत मुलीकडे.

मूळ फोल्डर आणि प्रमाणपत्रं टाकू नका. विकताना त्यांना किंमत असते. मी ती सपाट करून एका फाइलमध्ये ठेवते, वर नाण्याचा अनुक्रमांक पेन्सिलीनं.

खर्च अल्बमपेक्षा एका नाण्यामागे कितीतरी जास्त येतो, पण ३५ ग्रॅमच्या नाण्याच्या किमतीपुढे तो काहीच नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. एकच अडचण उरली आहे: १९७२ च्या ३९ मिमी नाण्याला बिनफोमची, अंगच्या मापाची कॅप्सूल त्या स्टॉलवर नव्हती. ठाणे, कल्याण किंवा पुण्यात कोणाला मिळाली असेल तर दुकान कळवा.