पाळीव उंदरांचे घर : काचेची टाकी, पोपटाचा पिंजरा आणि करून घेतलेला पिंजरा

पुण्यातील आमच्या घरात सध्या चार पाळीव उंदीर आहेत. चारही माद्या असून त्या राहतात तो पिंजरा आमचा तिसरा आहे. पहिली दोन घरे आम्ही दुकानदारांच्या सल्ल्याने विकत घेतली आणि दोन्ही वेळा निवड चुकली. तिसरे घर मोजमापे काढून एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले, आणि त्यात आता तीन वर्षे उंदरांची ये-जा पाहिल्यावर त्याबद्दल जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. उंदरांसाठी म्हणून बनवलेला पुरेसा मोठा पिंजरा आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही. ससा, हॅमस्टर किंवा पक्षी यांच्यासाठीचे काहीतरी पुढे केले जाते आणि पहिल्यांदाच उंदीर पाळणारा माणूस ते विश्वासाने घेऊन येतो.

आमची पहिली खरेदी म्हणजे माशांसाठी असते तशी काचेची टाकी. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट आणि वर जाळीचे झाकण. दिसायला ती फार छान होती. चिंगी आणि तिळी या आमच्या पहिल्या दोघी त्यात कुठूनही दिसत. मात्र काचेच्या चार भिंतींतून हवा खेळत नाही, आणि उंदरांच्या बाबतीत सगळे प्रश्न हवेपाशीच सुरू होतात. त्यांच्या लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि ओलसर अंथरुणात ही क्रिया अधिक वेगाने होते. उंदराचे नाक त्या अंथरुणापासून जेमतेम बोटभर उंचीवर असते. म्हणून वरून वाकून पाहणाऱ्या माणसाला वास येतो तेव्हा आत राहणारा जीव बराच वेळ तोच वायू श्वासातून घेत असतो. अमोनियाने श्वासमार्गाच्या आतील नाजूक आवरणाला इजा होते, आणि बहुतेक पाळीव उंदरांच्या शरीरात सुप्तपणे असणारा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू अशा वेळी उचल खातो.

जुलैच्या पावसात हेच झाले. तिळीच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालसर स्राव दिसू लागला. आम्ही ते रक्त समजून घाबरलो. पशुवैद्यांनी ते पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असल्याचे आणि आजारपणात किंवा ताणात ते वाढत असल्याचे सांगितले. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर घरघर स्पष्ट ऐकू आली. प्रतिजैविकांनी ती सावरली, पण श्वासातील बारीक शिट्टीसारखा आवाज तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिला. टाकीत अंथरण्यासाठी दुकानातून दिलेला भुसाही चिडाच्या लाकडाचा होता, आणि चीड किंवा देवदारासारख्या सुगंधी लाकडातील तेलकट द्रव्ये श्वासाला आणि यकृताला त्रासदायक ठरतात, हे आम्हाला नंतर समजले. तिळीच्या बाबतीत आमच्याकडून झालेली ही चूक मला आजही सलते. काचेची टाकी मोफत मिळत असली तरी कोणी उंदरांसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकीनंतर पोपटाचा पिंजरा आणला. हवा भरपूर, किंमत कमी, पण गजांमधील अंतर जवळपास एक इंच. उंदराचे डोके ज्या फटीतून जाते त्यातून त्याचे उरलेले अंगही जाते, हा हिशेब आम्हाला तिसऱ्या रात्री कळला, कारण अजून पुरती वाढ न झालेली चिंगी पहाटे फ्रिजच्या मागे सापडली. तळालाही तारांची जाळी होती. अशा तारांवर सतत चालल्याने उंदरांच्या तळव्यांना घट्टे आणि जखमा होतात व त्या चिघळल्या की बऱ्या होण्यास फार वेळ लागतो. शिवाय दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा पिंजऱ्यात जेमतेम दीड घनफूट जागा होते. दर उंदरामागे किमान दोन ते अडीच घनफूट जागा असावी असे उंदीर पाळणारे अनुभवी लोक मानतात. उंदीर हा कळपात राहणारा प्राणी असल्याने तो एकटा ठेवणे योग्य नाही, म्हणजे दोघींसाठी किमान चार घनफूट तरी हवेत. खरेदीपूर्वी टेप घेऊन हा साधा गुणाकार केला असता तर तो खर्च वाचला असता.

तिसऱ्या पिंजऱ्यासाठी आम्ही नमुना म्हणून अमेरिकेतील मिडवेस्ट कंपनीच्या ‘क्रिटर नेशन’ या पिंजऱ्याची मापे समोर ठेवली. उंदीर पाळणाऱ्यांमध्ये तो मापदंडासारखा मानला जातो, आणि त्याची कारणे पटण्यासारखी आहेत. त्याचा तळ 36 इंच बाय 24 इंच, गजांतील अंतर अर्धा इंच, आणि दर्शनी बाजूची दोन्ही दारे कपाटासारखी पूर्ण उघडणारी. त्याच कंपनीच्या ‘फेरेट नेशन’मध्ये गजांतील अंतर एक इंच असल्याने मागवणाऱ्याने नाव नीट वाचून घ्यावे. आम्ही तोच तळ ठेवून चार फूट उंची घेतली, म्हणजे एकूण 24 घनफूट जागा झाली. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा आणि जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश ठरवली, आणि ती नुसती गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, न ठेवता पावडर कोटिंग करून घेतली. उघड्या जस्ताच्या जाळीत लघवी मुरते, वास धरतो आणि पुढे गंज चढतो. सगळा खर्च साडेअकरा हजार रुपये झाला.

या पिंजऱ्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचे दार. वाचताना ही बाब किरकोळ वाटेल, पण ज्या पिंजऱ्याच्या जेमतेम हात जाईल एवढ्या दारातून कोपऱ्यातील घाण काढता येत नाही, तो पिंजरा माणूस रोज साफ करत नाही, आणि रोज साफ न होणाऱ्या पिंजऱ्यात अमोनिया साठतो. पूर्ण उघडणाऱ्या दारांमुळे आमचे सकाळचे काम दहा मिनिटांत होते. ट्रे ओढून त्यात अंथरलेल्या कागदी गोळ्या बदलायच्या, फळ्यांवरील सुती कापड काढून धुवायला टाकायचे आणि जुन्या नऊवारीच्या कापडाच्या झोळ्या आठवड्यातून दोनदा बदलायच्या. या झोळ्यांत उंदीर एकमेकांच्या अंगावर झोपतात. विकतच्या हॅमॉकपेक्षा त्या सरस ठरल्या, कारण सुती कापड उन्हाळ्यात गार राहते आणि कुरतडले गेले तरी हळहळ वाटत नाही.

दोष सांगणेही आवश्यक आहे. पहिल्यांदा ट्रेची कड दीडच इंच ठेवल्याने खोदकाम सुरू झाले की अर्धे अंथरूण जमिनीवर येई. नंतर चार इंच कडेचा स्टेनलेस स्टीलचा ट्रे वेगळा करून घ्यावा लागला. प्लास्टिकचा ट्रे टाळला, कारण उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि प्लास्टिकची मोकळी कड त्यांना सापडली की ती फार काळ टिकत नाही. वेल्डिंगच्या काही टोकांना धार राहिली होती, ती कानशीने घासून घेतली. सरकवायची साधी कडी आताच्या चौघींपैकी बकुळेने, ती आल्यावर दोन आठवड्यांत, नाकाने उघडून दाखवली, म्हणून आता खाली-वर दोन ठिकाणी कोयंडे आहेत. कारागीर चांगला होता, पण हा पिंजरा कशासाठी आहे हे त्याला आधीच सविस्तर सांगितले असते तर यांतील निम्म्या दुरुस्त्या टळल्या असत्या.

उंचीबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. उंच पिंजरा पाहून आनंद होतो, पण मध्ये फळ्या नसतील तर चार फुटांवरून पडलेला उंदीर जखमी होऊ शकतो. आमच्याकडे दर फुटाला एक फळी किंवा झोळी आहे, आणि कुठूनही पाय निसटला तरी तो कापडावरच पडेल अशी त्यांची मांडणी केली आहे.

पिंजरा कोठे ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडे पिंजऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. अनेकांना गॅलरी सोयीची वाटते, पण मला ती धोक्याची वाटते. उंदरांना घाम येत नाही. अंगातील बरीच उष्णता ते शेपटीतून बाहेर टाकतात, आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेल्या लोखंडी जाळीजवळ त्यांना उष्माघात होण्यास वेळ लागत नाही. आम्ही दुपारी कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली तळाशी ठेवतो आणि पंख्याचा झोत थेट अंगावर येऊ देत नाही. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांना प्रखर प्रकाशाचाही त्रास होतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे गॅलरीत रात्री येणारे बाहेरचे उंदीर. अर्ध्या इंचाच्या जाळीतून मोठे उंदीर आत शिरू शकत नाहीत, पण त्यांच्या अंगावरील पिसवा आणि त्यांची लघवी जाळीला अडत नाही. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची साथ आपल्याकडे पावसाळ्यात का वाढते हे सर्वांना माहीत आहे. तो संसर्ग पाळीव उंदरांना आणि त्यांच्यामार्फत घरातील माणसांना होऊ नये, यासाठी पिंजरा आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडा दूर आणि पायांवर उचललेला असावा. सोसायटीत विषारी गोळ्या टाकल्या जाणार असतील तर त्याची पूर्वसूचना मागून घ्यावी.

नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको. गर्भकाळ जेमतेम 21 ते 23 दिवसांचा असतो आणि दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. आमच्या पिंजऱ्यात मधला मजला बंद करता येतो, त्यामुळे नवीन आलेल्या उंदराला काही दिवस वेगळे ठेवून हळूहळू ओळख करून देता येते. ही सोय मुळात खर्च वाचवण्यासाठी सुचली होती, पण आता तिच्याशिवाय पिंजऱ्याची कल्पना करवत नाही.

बकुळा आता सव्वादोन वर्षांची आहे. उंदरांचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे असते आणि उतारवयात अनेकांचे मागचे पाय अधू होतात, तसे तिचेही झाले आहेत. गेल्या महिन्यात आम्ही खालच्या भागातील दोन फळ्या आणखी खाली घेतल्या, उतारावर खरखरीत कापड बांधले आणि पाण्याची बाटली जमिनीपासून चार बोटांवर आणली. सगळ्या फळ्या नटबोल्टवर बसवलेल्या असल्याने हे काम अर्ध्या तासात झाले. नवीन पिंजरा करून घेणाऱ्याने फळ्या वेल्ड न करता अशाच सुट्या बसवून मागाव्यात. बाकीच्या तिघी वरच्या झोळीत झोपायच्या. आता रात्री त्याही खाली बकुळेजवळ येतात.