पुलमन, शिकागो: रेल्वेच्या घरांत वाढलेल्यांनी बघावंच असं गाव

माझे वडील रेल्वेत फिटर होते. लग्न होईपर्यंत मी क्वार्टरमध्येच राहिले. ते रिटायर झाले आणि चावी परत द्यायची वेळ आली, तेव्हा आई रिकाम्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा केर काढत होती. म्हणून शिकागोला भावाकडे गेले, तेव्हा रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कंपनीनं आपल्या कामगारांसाठी वसवलेल्या पुलमनला जायचंच होतं.

मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या लोकल गाड्यांच्या, १११व्या स्ट्रीटच्या स्टेशनवरून चालत जाता येतं. घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या कंपनीच्या जुन्या कचेरीत आता माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. आधी ते बघा, मग गल्ल्या फिरा.

शयनयान डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमननं १८८०मध्ये कारखान्याला लागून हे गाव वसवायला घेतलं. आर्किटेक्ट सोलन बेमन. लाल विटांची घरं, नळाचं पाणी, गॅस. तेव्हा कामगाराला असं घर कुठे मिळत होतं! पण हुद्द्याप्रमाणे घराचा आकार बदलत जातो. आमच्या कॉलनीत टाइप वन आणि टाइप टू लांबूनच ओळखू यायचे, अगदी तसंच. दारू मिळायची ती फक्त मालकाच्या मुलीच्या नावाच्या हॉटेल फ्लॉरेन्समध्ये.

भाड्याची हकीकत मात्र सावकाश वाचा. १८९३च्या मंदीत कंपनीनं मजुरी सरासरी पंचवीस टक्के कापली, घरभाडं एक सेंटही उतरवलं नाही. पगाराच्या दिवशी भाड्याचा चेक वेगळा निघायचा, तो सही करून तिथेच परत द्यायचा आणि उरलेलं घरी न्यायचं. ज्याच्याकडे नोकरी त्याच्याच घरात राहायचं, मग भांडायचं कुठे उभं राहून? तरी मे १८९४मध्ये लोक संपावर गेले. अमेरिकन रेल्वे युनियननं पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार घातला, सरकारनं लष्कर उतरवलं, संप मोडला. पुढे १८९८मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला ही घरं विकायला लावली.

त्याच डब्यांमधून प्रवाशांच्या दिमतीला राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांना या गावात घर नव्हतं. त्यांच्या युनियनचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावाचं संग्रहालय जवळच आहे. ते कधी उघडं असतं ते आधी पाहून जा, पण चुकवू नका.

घरांमध्ये आज लोक राहतात, तेव्हा ती बाहेरूनच बघायची. एका ओट्यावर एक बाई कुंडीतली माती उकरत बसल्या होत्या. घर त्यांचं स्वतःचं, विकत घेतलेलं. पुढच्या खेपेला आईला घेऊन येणार आहे.