जुना मॅसी १०३५ : इंजिन जाम चालेल, मागचं हाउसिंग कुजलेलं नको

गोठ्यामागे पाच-दहा पावसाळे खाल्लेला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर बघायला गेलेला माणूस पहिलं विचारतो, "इंजिन फिरतंय का?" फिरत नसेल तर भाव पाडतो. धूर काढून दाखवला की लगेच इसार देतो. घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून उभा करायला घेत असाल तर हा हिशेब उलटा करा. या गाडीचं जाम इंजिन हा भाव पाडायचा उत्तम मुद्दा आहे, भिण्याचा नाही. भिण्यासारखं जे आहे ते क्लचच्या मागे, हाउसिंगमध्ये आहे.

इंजिन मूळ पर्किन्सच्या रचनेचं, सिम्पसनने बांधलेलं, तीन सिलिंडरचं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पाच इंच, फायरिंगचा क्रम १-२-३. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सेट तालुक्याच्या गावी मिळतात. क्रँक १०, २०, ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगं टाकता येतात, आणि हे काम करणारे कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून कुठल्याही मोठ्या बाजाराच्या गावापर्यंत सापडतात. म्हणजे इंजिनाचा खर्च आधी कागदावर मांडता येतो. मागच्या भागाचा येत नाही. तिथे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि अवजार उचलणारी हायड्रोलिक लिफ्ट यांचं तेल एकच, तीसएक लिटर. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी सरळ आत उतरतं, आणि एका ठिकाणचं पाणी तिन्ही ठिकाणी पोचतं.

तपासायची रीत साधी आहे. गाडी दोन दिवस हललेली नसताना खालचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करा आणि पहिली धार कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत धरा. आधी स्वच्छ पाणी आणि मागून काळं तेल आलं, तर पाणी तळाला बसून आहे. दूध घातलेल्या चहासारखं आलं, तर पाणी घुसळलं गेलंय, म्हणजे त्या पाण्यावर गाडी चालवलेली आहे. दोन्हींत दुसरं वाईट, कारण बेअरिंगं आणि लिफ्टचा पंप त्यावर फिरलेले असतात. मग उजव्या बाजूचं, डिपस्टिकजवळचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघा. तेलाच्या पातळीच्या वर राहिलेले भाग आधी गंजतात. तांबूस थर कापडाने पुसून जात असेल तर हरकत नाही. शाफ्टवर किंवा दातांवर नख अडकेल असे खड्डे असतील तर गाडी सोडून द्या, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी.

नुसतं पाणी असेल तर धुऊन निघतं. सगळे ड्रेन प्लग काढून रात्रभर निथळू द्या. मग दहा-बारा लिटर डिझेल टाकून मागची चाकं घोडीवर उचला आणि हातानेच फिरवा. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) न्यूट्रलला ठेवा, म्हणजे पंप डिझेलवर चालणार नाही. पुन्हा निथळू द्या. पहिलं भरलेलं तेल थोडे तास चालवून काढून टाकायचंच आहे हे धरून चाला. ते जिवावर येतं, पण हा खर्च वाचवणाऱ्याचा पंप पहिल्याच नांगरटीला बसतो.

लिफ्टबद्दल एक गैरसमज फार महागात पडतो. पंप पीटीओच्या शाफ्टवर आहे, म्हणून पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असला की लिफ्ट उचलतच नाही. निव्वळ एवढ्यावरून "हायड्रोलिक गेलं" म्हणून विकायला काढलेल्या गाड्या असतात. बघायला जाल तेव्हा तो लिव्हर स्वतः टाका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कंट्रोल व्हॉल्व्हही चिकटतो. थोडं तेल उतरवून उजव्या झाकणातून हात घातला की त्याचा लिव्हर बोटांनी पुढे-मागे करून मोकळा करता येतो. खरी परीक्षा वजनाची. नांगर उचलून इंजिन बंद करा. लिफ्टचे आर्म जागेवर राहायला हवेत. लगेच खाली यायला लागले तर आधी पंप आणि वरच्या झाकणामधल्या उभ्या पाइपाच्या ओ-रिंगा बघा, कारण तो किरकोळ खर्च आहे. त्यानंतर लिफ्टच्या पिस्टनची रिंग आणि सिलिंडर.

लिफ्टचं वरचं झाकण सिलिंडरसकट एकट्याने उचलायचं वजन नाही. शेडच्या लोखंडी तुळईला एक टनाची चेन पुली हवीच. झाकण परत बसवताना आतल्या उभ्या लिव्हरांचे रोलर व्हॉल्व्हच्या लिव्हरशी जागेवर आले का, हे बोल्ट आवळण्याआधी उजव्या झाकणाच्या खिडकीतून चाचपा. ते चुकलं की आर्म वर जातात आणि खाली येत नाहीत, आणि दिवसाचं काम पुन्हा उघडावं लागतं.

आता जाम इंजिन. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून गिअरात ओढणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे आणि सगळ्यात वाईटही. व्हॉल्व्ह चिकटलेला असेल तर पुशरॉड वाकतो, पिस्टन धरलेला असेल तर रिंगा तुटून लायनर ओरबाडतात. त्याऐवजी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं पॉवर स्टिअरिंगचं तेल असं अर्धा कपभर सोडा. चार-पाच दिवस थांबा, रोज थोडं वाढवा. तोवर टॅपेट कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह लाकडी हातोडीने हलका ठोका. आत जाऊन उसळी मारून वर आला तर बरा. आत राहिला तर हेड उतरवावं लागणार. मग स्टार्टर काढून फ्लायव्हीलच्या दातांत पहार टेकवा आणि एका दिशेला जोर न लावता मागे-पुढे डोलवा. पाव इंच हललं तरी इंजिन सुटलं समजा. नोझल बसवण्याआधी पिस्टनवर उरलेलं तेल इंजिन फिरवून बाहेर फेकलं पाहिजे, नाहीतर द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

सुटलं म्हणजे झालं असं मात्र नाही. रिंगा जिथे चिकटल्या होत्या तिथे लायनरवर गंजाची कडी उमटलेली असते. नखाला लागली तर फुल इंजिनच, म्हणजे लायनर-पिस्टनसकट, करा. नुसत्या रिंगा बदलून हाफ इंजिन केलं की दोन हंगामांत तेल प्यायला लागतं. वर्षानुवर्षं बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी प्यालेल्या ब्लॉकच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये खडूसारखा थर बसलेला असतो आणि वेल्च प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या चकत्या) आतून सडलेले असतात. ब्लॉक उघडा असतानाच सगळे बदला. लायनर-पिस्टनच्या किटमध्ये पैसे वाचवू नका. स्वस्त किटचा दोष बहुधा रिंगांत असतो, म्हणून प्रत्येक रिंग लायनरमध्ये सरळ बसवून फटीचं माप घ्या. साडेतीन इंची बोअरला १२ ते १४ थाउ ठीक. तिन्ही सिलिंडरला वेगवेगळं माप आलं तर किट परत करा.

मागच्या मेन बेअरिंगचं सील ग्रॅफाइटच्या दोरीचं आहे, दोन अर्ध्या हाउसिंगमध्ये बसणारं. बहुतेक जण इथेच चुकतात: दोरी दाबतात आणि टोकं ब्लेडने सपाट कापतात. टोकं १० ते २० थाउ वर राहिली पाहिजेत, तरच दोन अर्धे आवळल्यावर सांधा घट्ट होतो. सपाट कापलं की तेल क्लच प्लेटवर आणि गाडी पुन्हा दोन तुकडे.

ते दोन तुकडे करणंही समजून घ्या. या ट्रॅक्टरला चेसी नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स हेच हाड आहे. बोल्ट सोडण्याआधी पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, नाहीतर सुटलेलं इंजिन आडवं कलंडतं. जॅकवर भरवसा नको, खाली ओंडके हवेत.

पाने इंची लागतात. जुन्या फोरमनच्या भाषेत तीन सुती, चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ३/४ ला १९ चा पाना चालतो, पण ९/१६ ला १४ जात नाही आणि १५ घसरतो. गंजलेल्या नटाचे कोपरे याच पान्याने जातात. अर्धा, ९/१६, ५/८, ३/४ अशा चार मापांचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट) आधी घ्या, रंग नंतर.

घरी करू नये अशी दोन कामं. मागच्या ॲक्सलचं सील गळून ब्रेकच्या ड्रममध्ये तेल उतरलं असेल तर हाफ शाफ्टवरची कॉलर गरम करून, दाबून बसवलेली असते. ते प्रेस असलेल्या वर्कशॉपचं काम. दुसरं, डिझेलचा पंप आणि नोझल कॅलिब्रेशनच्या बेंचवरच. स्टिअरिंग, किंग पिन-बुश, वायरिंग ही कामं मात्र घरात होतात, त्यात काही गूढ नाही.

महिंद्राचा बी-२७५ हा याचा जुना प्रतिस्पर्धी. तो चार सिलिंडरचा आणि दणकट, तरी जिथे मॅसीचे मिस्त्री जास्त तिथे मॅसी, जिथे महिंद्राचे जास्त तिथे महिंद्रा.

कागद बघताना आरसी पुस्तकातला चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडा. गंज काढायला तिथे रॉकेल आणि मऊ ब्रश, ग्राइंडर नाही. घासलेला नंबर आरटीओत संशय आणतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते थकलेलं असेल तर भावातून वळतं करा.

पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर नाही ना बघा आणि ऑइल बाथमध्ये खुणेपर्यंत तेल भरा. टाकी धुऊन नवा फिल्टर टाका. हवा आधी फिल्टरवरून काढा, मग डिझेल पंपाच्या स्क्रूंवरून, शेवटी नोझलच्या नटांवरून. टॅपेटची फट थंड इंजिनावर १२ थाउ. जुन्या रोटरी डिझेल पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेल किती जाईल ते ठरवणारा) चिकटला असेल तर इंजिन सुरू होताच बेभान धावतं आणि स्टॉपने बंद होत नाही. म्हणून एक माणूस एअर क्लीनरच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा ठेवा, आणि फळी कधी ठेवायची हे त्याला आधीच सांगून ठेवा.