रोटेटर कफ फाटल्यावर: तीन महिने व्यायाम की लगेच शस्त्रक्रिया?

पन्नाशी-साठीतल्या माणसाचा खांदा काही महिने दुखत असतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, शेवटी एमआरआय होतो आणि अहवालात सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा) पूर्ण जाडीतून फाटली असल्याचे लिहून येते. 'फाटली' म्हटल्यावर शिवायलाच हवी, असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते. पण रोटेटर कफच्या बाबतीत ते नेहमीच खरे नसते, आणि एवढ्या एका कागदावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत मध्यभागी धरून ठेवण्याचे काम चार स्नायूंच्या कंडरा मिळून करतात; त्यांनाच एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. त्यांपैकी एक फाटली तरी बाकीच्या तीन आणि वरचा डेल्टॉइड हा मोठा स्नायू बरेचसे काम निभावून नेऊ शकतात. जपानमधल्या एका गावातील रहिवाशांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या खांद्यांपैकी सुमारे एकपंचमांश खांद्यांत अशी फाट आढळली होती, आणि त्यांतल्या अनेकांना खांद्याची काहीच तक्रार नव्हती.

म्हणून अहवालाआधी दुखणे सुरू कसे झाले, हे पाहायला हवे. दुचाकीवरून पडल्यावर, जिन्यात घसरल्यावर किंवा जड पोते उचलताना अचानक कळ येऊन त्या दिवसापासून हात वर जाईनासा झाला असेल, तर व्यायाम की शस्त्रक्रिया ही तुलना बरीचशी तिथेच संपते. अशा वेळी एक्स-रे स्वच्छ येतो, 'मुका मार आहे' असे कुणीतरी सांगते, मालिश आणि शेक यांत दोन महिने निघून जातात, आणि तेवढ्यात तुटलेली कंडरा आत ओढली जाऊन तिच्या स्नायूत चरबी भरू लागते. ती पुन्हा हाडाला जोडणे मग कठीण होते. अपघाताने झालेल्या मोठ्या फाटीबाबत पहिल्या काही आठवड्यांतच खांद्याच्या शल्यविशारदाला दाखवावे, विशेषतः वय कमी असेल आणि हात कष्टाच्या कामाचा असेल तर. याउलट, दुसऱ्याने हात उचलून पाहिला तरीही तो सर्व बाजूंनी अडत असेल, आणि त्यातून मधुमेह असेल, तर मुख्य दुखणे फ्रोजन शोल्डरचे, म्हणजे खांदा आखडण्याच्या आजाराचे असू शकते. त्याचा मार्ग निराळा आहे.

पुढचे विवेचन उरलेल्या, म्हणजे हळूहळू झिजून फाटलेल्या खांद्यांविषयी आहे, आणि संख्येने तेच जास्त असतात. व्यायामाच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतला आहे. अपघाताविना पूर्ण जाडीची फाट झालेल्या ४५२ जणांना तिथे ठरावीक व्यायामक्रम देण्यात आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत त्यांच्यापैकी एकचतुर्थांशाहूनही कमी लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ज्यांनी करून घेतली त्यांतल्या बहुतेकांचा निर्णय पहिल्या १२ आठवड्यांतच झाला होता. बारा आठवडे नेटाने व्यायाम केला की पुढची दिशा कळू लागते, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. नॉर्वेत लहान आणि मध्यम फाटी असलेल्या १०३ जणांचे दोन गट करून एकाला शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी देण्यात आली. सुरुवातीला थोडा असलेला फरक दहा वर्षांनी शस्त्रक्रियेच्या बाजूने अधिक ठळक झाला, कारण न शिवलेल्या काही फाटी काळानुसार वाढत गेल्या. फिनलंडमध्ये मात्र ५५ वर्षांवरील लोकांच्या अशाच अभ्यासात दोन वर्षांनंतरही उल्लेखनीय फरक दिसला नाही. मला हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. पन्नाशीच्या गवंड्याला किंवा रंगाऱ्याला अजून पंधरा वर्षे डोक्यावर हात नेऊन काम करायचे असते, त्यामुळे त्याने दहा वर्षांनंतरचा हिशोब धरावा. सत्तरीच्या गृहस्थांना शांत झोप आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पोहोचणारा हात हवा असेल, तर त्यांना व्यायामाने तेवढे मिळण्याची शक्यता चांगली आहे.

मात्र 'फिजिओथेरपी करून पाहिली, फरक पडला नाही' असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रत्यक्षात मशीनचा शेक घेतलेला असतो, आणि त्याच्या उपयोगाचा पुरावा क्षीण आहे. खरा व्यायाम असा असतो: कोपर काटकोनात दुमडून कुशीला टेकवायचे, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये गुंडाळलेला नॅपकिन धरायचा, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा मुठीत घेऊन मनगट सावकाश बाहेरच्या दिशेने न्यायचे आणि त्याहूनही सावकाश परत आणायचे. नॅपकिन खाली पडला तर दंड कुशीपासून सुटला आणि काम भलताच स्नायू करू लागला, असे समजावे. याला पाठीमागची पाती एकमेकींकडे खेचण्याचा व्यायाम, भिंतीवर बोटांनी वर चढत जाणे आणि पुढे हलके वजन अशी जोड मिळते. करताना थोडे दुखले तर चालते, पण वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमायला हवे. शमले नाही तर पट्ट्याचा ताण कमी करावा. तालुक्याहून शहरात रोज जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांना ब्रिटनमधील ७०८ जणांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास दिलासा देईल. शस्त्रक्रियेची गरज नसलेल्या रोटेटर कफच्या दुखण्यात, फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळा जाणारे आणि एकदाच नीट शिकून घरी व्यायाम करणारे यांच्यात वर्षाअखेर फरक आढळला नाही.

शस्त्रक्रिया केली म्हणून व्यायाम टळत नाही, उलट तो लांबतो आणि अधिक जपून करावा लागतो. साधारणतः चार ते सहा आठवडे हात आर्म पाऊचमध्ये (गळ्यात अडकवायच्या झोळीत) राहतो आणि त्या काळात तो स्वतःच्या ताकदीने उचलायचा नसतो. त्यानंतर हालचाल, सुमारे बारा आठवड्यांनी ताकदीचे व्यायाम, आणि जड कामाला बहुधा सहा महिने, कधी त्याहूनही अधिक. अंघोळ, सदरा चढवणे, साडी नेसणे, वेणी घालणे यांसाठी घरात दुसरे माणूस लागते, दुचाकी बंद राहते आणि कित्येकांना पहिले काही आठवडे आरामखुर्चीत रेलूनच झोपावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाला रुग्णालयाच्या बिलाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, हा बुडालेला रोज भारी पडतो. शिवाय वय आणि फाटीचा आकार जसा वाढतो तशी शिवलेली कंडरा पुन्हा सुटण्याची शक्यता वाढते, आणि तंबाखू व अनियंत्रित साखर त्यात भर घालतात.

दुर्बिणीने की मोठा छेद घेऊन, या प्रश्नावर लोक फार घोळ घालतात. ब्रिटनमधील अभ्यासात दोन्ही पद्धतींचे दोन वर्षांनंतरचे परिणाम सारखेच निघाले. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, कंडरा न शिवता केवळ वरचे हाड घासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया कुणी सुचवली, तर दुसरे मत अवश्य घ्यावे. २०१८ साली ब्रिटन आणि फिनलंड या दोन्ही देशांतून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, खांद्यात नुसती दुर्बीण घालून काहीही न करता बाहेर काढलेल्या रुग्णांपेक्षा हाड घासलेल्यांना म्हणण्याजोगा अधिक फायदा झाला नाही.

व्यायाम आणि शस्त्रक्रिया या दोहोंच्या मध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन येते. काही आठवडे दुखणे कमी करून व्यायामाला वाट करून देणे एवढ्यापुरते ते उपयोगी आहे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, वारंवार घेतल्यास कंडरा कमजोर होते, आणि नजीकच्या काळात शस्त्रक्रिया ठरत असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढत असल्यामुळे शल्यविशारदाला आधी विचारूनच ते घ्यावे.

बारा आठवड्यांनी झोप, हाताची उंची आणि ताकद यांपैकी काहीच सुधारले नसेल, किंवा ताकद घटत असेल, तर पुन्हा दाखवावे आणि तीन गोष्टी थेट विचाराव्यात: कंडरा किती आत ओढली गेली आहे, स्नायूत चरबी किती भरली आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम कोण, किती दिवसांनी तपासणार आहे. केलेला व्यायाम त्या वेळीही वाया जात नाही, कारण आखडलेल्या खांद्यापेक्षा मोकळा झालेला खांदा शस्त्रक्रियेनंतर अधिक सहजपणे सावरतो.