'इन रेट्रोस्पेक्ट' अडलं तर कोणता कोश उघडावा?

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये 'रेट्रोस्पेक्ट' टाकलं की एखादा प्रतिशब्द मिळतो, पण वाक्य जुळत नाही. हा शब्द एकटा फारसा येतच नाही. तो 'इन रेट्रोस्पेक्ट' असा जोडीनेच येतो, म्हणजे 'आता मागे वळून पाहता'. म्हणून पहिली पसंती लाँगमनच्या ऑनलाइन कोशाला. अर्थ थेट या जोडीचा आणि खाली खऱ्या लेखनातून उचललेली वाक्यं. ती पाचसहा वाचली की लक्षात येतं, की यात नुसती आठवण नसते, आजचा निवाडा असतो: तेव्हा बरोबर वाटलं, आता चूक दिसतं. केंब्रिजही तितकाच भरवशाचा. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत ब्रिटिश व अमेरिकन उच्चार ऐकता येतात. आघात 'रेट'वर, मधला 'ट्रो' आपण ठासून म्हणतो, तो तिथे जवळजवळ 'ट्र' होतो.

मेरियम-वेब्स्टर व्युत्पत्तीसाठी उत्तम: लॅटिन 'रेट्रो' म्हणजे मागे, 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. मात्र तिथे क्रियापदाचीही नोंद आहे, तिच्या नादी लागू नका. आजच्या इंग्रजीत ते कानाला खटकतं. 'इन द रेट्रोस्पेक्ट' आणि 'इन रेट्रोस्पेक्टिव्ह' या तर सरळ चुकाच.

मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा जुना कोश. 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. कोश मराठी-इंग्रजी असल्यामुळे शोध फक्त मूळ शब्दांत न घेता पूर्ण मजकुरात घ्या, मग इंग्रजी शब्दावरून मराठीकडे जाता येतं. पण 'रेट्रोस्पेक्ट'साठी चटकन सुचणारं 'सिंहावलोकन' जपून वापरा. चालता चालता थांबून, मान वळवून, आलेली सगळी वाट न्याहाळणारा सिंह त्यात आहे. संस्थेच्या पन्नास वर्षांना किंवा चित्रपट महोत्सवातल्या विभागाला तो शोभतो. छत्री न्यायला हवी होती, एवढंच सांगायचं तर 'आता वाटतं' पुरतं.

'पूर्वलक्षी' हा शब्द कायद्याचा. 2012 च्या वित्त कायद्यातली, 2021 मध्ये मागे घेतलेली करतरतूद पूर्वलक्षी होती. तिथे 'रेट्रोस्पेक्टिव्ह' हे विशेषण लागतं.

जवळच्या अर्थाच्या 'हाइंडसाइट'ला, म्हणजे घडून गेल्यावर येणाऱ्या समजेला, 'पश्चातबुद्धी' चपखल बसते. 'बैल गेला अन् झोपा केला' मात्र नको, कारण त्या म्हणीत उशिरा केलेली कृती आहे, उशिरा आलेली समज नाही.